इंदूर-दौंड गाडीत नेटशिवाय चालेल अशी क्रिकेटची गेम सुचवा, फोन जुना आहे

रेवा_राजेंद्रनगर
नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात आम्ही दौंड गाडीने पुण्याला निघतोय, सोबत माझा मुलगा (सहावीत) आणि नणंदेचा मुलगा, दोघंही क्रिकेटवेडे, त्यामुळे फोनवरून भांडण ठरलेलंच. सासऱ्यांचा जुना फोन पडलाय घरात, ३ जीबी रॅम, ३२ जीबी मेमरी आणि त्यातली निम्मी व्हॉट्सअॅपच्या गुड मॉर्निंगांनी खाल्लेली, तो सिम काढून दोघांना देणार आहे. आता गेम अशी पाहिजे की नेट लागू नये, दर ओव्हरनंतर जाहिरात येऊ नये आणि मुख्य म्हणजे पैसे मागू नये. आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाने वडिलांच्या फोनवर खेळाडूंची पाकिटं उघडता उघडता बरेच पैसे उडवले, वडिलांना बँकेचा मेसेज आला तेव्हा कळलं, तेव्हापासून या विषयावर बिल्डिंगमधलं वातावरण जरा तापलेलंच आहे. मला स्वतःला गेममधलं ओ की ठो कळत नाही. प्ले स्टोअरवर क्रिकेट टाकलं तर ढीगभर निघतात आणि सगळ्यांच्या चित्रावर हेल्मेट घातलेला एकच माणूस ओरडतोय. कुठली टाकू?

राजवाड्याचा_भिया
ताई, डोळे मिटून वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप २ टाका, डब्ल्यूसीसी २ म्हणतात तिला. चेन्नईच्या नेक्स्टवेवची गेम आहे, जुनी झाली पण जुन्या फोनवर तीच पळते. डब्ल्यूसीसी ३ पण आहे, २०२० मध्ये आली, दिसायला एकदम भारी पण ३ जीबीवर धापा टाकते आणि जागाही खूप खाते. रिअल क्रिकेट पण चांगली आहे, पोरं तिचंच नाव घेतील बघा, पण टाकलीत तर घरीच विमान मोड लावून उघडून बघा, मेन्यूच्या पुढे गेली तर ठीक नाहीतर लगेच उडवा. कुठलीही घ्या, निघायच्या दिवशी घाईत डाउनलोड करू नका, कारण स्टोअरवरून उतरल्यावर या गेमा आतून अजून डेटा ओढतात, तो घरच्या वायफायवर ओढून होऊ द्या आणि एक मॅच पूर्ण खेळून बघा.

आणि पोरांना एक गोष्ट सांगा. बॉलर पळत आला की पिचवर टप्प्याचा ठिपका दिसतो, डाव्या अंगठ्याने दिशा द्यायची, उजव्याने शॉट मारायचा. सगळे नवशिके ठिपका दिसला रे दिसला की बटण दाबतात, मग बॅट फिरून मोकळी आणि बॉल मागून आरामात स्टंपात. फास्टवाल्याला टप्पा पडता पडता दाबायचं, स्पिनरला टप्पा पडून बॉल वर आल्यावर, आणि स्पिनरला तर थांबवतच नाही हो माणसाला, हात शिवशिवतात. तेवढं जमलं की गेम सोपी आहे.

खेळाडूंची नावं वाचून दचकू नका. बोर्डांचा परवाना घ्यायचा म्हणजे पैसा लागतो, तो नसला की नावातली अक्षरं इकडची तिकडे केलेली असतात. एडिटमध्ये जाऊन आपल्याला हवी ती नावं टाकता येतात. नावं टाकता टाकताच पोरांचं दाहोद स्टेशन येईल.

होळकरी_ओपनर
भियाशी सहमत, फक्त गेम सोप्या लेव्हलवर ठेवू नका. सोप्यावर ५ ओव्हरमध्ये दीडशे होतात, मग दोन मॅचमध्ये कंटाळतात आणि "आई दुसरी गेम दे" सुरू. अपने होळकर स्टेडियमच्या बाउंड्रीला लोक छोटी छोटी म्हणून नावं ठेवतात, सेहवागने तिथे २०११ मध्ये वेस्ट इंडीजला २१९ ठोकले, रोहितने २०१७ मध्ये लंकेविरुद्ध ३५ बॉलमध्ये शतक केलं, पण सोप्या लेव्हलवरच्या मोबाइल क्रिकेटपुढे त्या दोन्ही इनिंग टुकूटुकू वाटतात.

माझं जुनं दुःख वेगळं आहे. आम्ही सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने ईए या गेम कंपनीचं क्रिकेट ०७ खेळून मोठे झालो. ते २००६ मध्ये आलं आणि त्यानंतर एवढ्या मोठ्या कंपनीने क्रिकेटकडे ढुंकून बघितलं नाही, फुटबॉलवर मात्र दरवर्षी नवी गेम. लोक अजून त्या जुन्या गेममध्ये नव्या जर्सी घालून खेळतायत. क्रिकेट मोबाइलवर जगवलं ते इथल्याच छोट्या कंपन्यांनी, त्यामुळे त्यांच्या ग्राफिक्सवर हसणाऱ्यांचा मला राग येतो. असो, विषय भरकटला.

ताई, जागा अगदीच कमी पडली तर स्टिक क्रिकेट सुपर लीग बघा. काडीची माणसं, डावीकडे किंवा उजवीकडे दाबायचं, बस. दिसायला पोरकट आहे पण टायमिंगचा खरा कस तिथेच लागतो.

गोलकीपर_तिलकनगर
फुटबॉल कोणी बोललं नाही म्हणून. ईफुटबॉल (म्हणजे आपली जुनी पेस, कोनामीने २०२१ मध्ये नाव बदललं) आणि एफसी मोबाइल (२०२३ पर्यंत फिफा मोबाइल होती, फिफाशी फाटलं म्हणून नाव गेलं) या दोन्ही गाडीसाठी बाद समजा. नेट गेलं की गेम बंद. रतलाम सुटल्यावर दाहोद, गोध्रा येईपर्यंत नेटवर्क येतं न येतं असंच असतं, ऐन पेनल्टीला गोल गोल चक्र फिरत बसेल आणि दोघं मिळून तुमचं डोकं खातील. ड्रीम लीग सॉकर चालू शकते, तिलाही तीच विमान मोडवाली परीक्षा द्यायला लावा.

तुमच्या बिल्डिंगमधला जो प्रकार आहे ना, तो या फुटबॉलच्या गेमांचा मूळ धंदाच आहे. फुकटात खेळा, पण चांगला खेळाडू पाहिजे तर बंद पाकीट घ्या, आत कोण निघेल ते नशीब. बेल्जियमने २०१८ मध्ये असल्या पाकिटांना सरळ जुगार म्हटलं, त्यावर ईएला तिथे त्यांच्या फिफा गेममधले, पाकिटं घ्यायचे पॉइंट विकणं बंद करावं लागलं. गूगलने पण २०१९ पासून नियम केलाय की पाकिटात काय निघायची शक्यता किती ते विकण्याआधी दाखवायचं. दाखवतात, पण आडबाजूला बारीक अक्षरात, आणि सहावीतला मुलगा अर्धा टक्का म्हणजे किती ते गणिताच्या पेपरात सांगेल, पाकीट समोर असताना नाही.

लकी_विजयनगर
ताई पोरांचं राहू द्या, टीम लावून पैसे मिळतात अशा अॅपवर स्वतः खेळा, गाडीत बसल्या बसल्या तिकिटाचे पैसे निघतील 😄

होळकरी_ओपनर
लकी भाऊ, कुठल्या जगात आहात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या सगळ्या गेमा बंद, फँटसी टीमवाल्या पण त्यातच. ड्रीम ११ ने पैशांच्या स्पर्धा तेव्हाच थांबवल्या, भारताच्या जर्सीवरून त्यांचं नाव गेलं आणि अपोलो टायर्स आलं, ते तरी दिसलं असेल ना? आता असं काही दाखवणारं अॅप दिसलं तर ते गुपचूप चालवलेलं आहे हे समजून लांब राहा. ताईंनी विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय.

जेलरोडचा_मोबाइलवाला
रिपेअरिंगचं काम करतो म्हणून फोनच्या बाजूने चार गोष्टी सांगतो, गेम कुठलीही टाका.

"काका, फोनचा टच खराब आहे, शॉट लागत नाही" असं म्हणत पोरं दुकानात येतात, बघावं तर बऱ्याचदा टच एकदम ठणठणीत. होतं काय, फोन सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर एक चित्र साधारण १७ मिलिसेकंद टिकतं, गरम झाला किंवा रॅम भरली की तो ३० वर उतरतो आणि तेच चित्र ३३ मिलिसेकंद अडकून राहतं. बॉल दिसतो तिथे तो नसतोच, पुढे गेलेला असतो. मग भियाने सांगितलेलं टायमिंग शिकून काय उपयोग? म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स सगळ्यात खाली, बॅटरी सेव्हर बंद (तो चालू असला की प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो), मागचे अॅप बंद, आणि चार्जिंगला लावून खेळू द्यायचं नाही. डब्यात असंही गरम होतं, कव्हर काढून द्या. ब्लूटूथ इअरफोन नको, आवाज उशिरा पोचतो आणि पोरं बॅटच्या आवाजावर शॉट जुळवायला जातात.

जाहिरातींचं म्हणाल तर विमान मोडवर बहुतेक येतच नाहीत, कारण त्या नेटवरूनच येतात. फक्त "व्हिडिओ बघा, नाणी मिळवा" वाली नाणी मिळणार नाहीत, ते चांगलंच आहे. प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखालीच लिहिलेलं असतं जाहिराती आहेत का, आत खरेदी आहे का, ते वाचूनच टाका. महिन्याचे पैसे भरून प्ले पास घेतला तर त्यातल्या गेमांत दोन्ही नसतं, २०२२ मध्ये आला तेव्हा ९९ रुपये होता, पण एका प्रवासासाठी कशाला.

पैशांचं मात्र आत्ताच करा. त्या फोनवर सासऱ्यांचं गूगल अकाउंट आहे ना? त्यातून कार्ड आणि यूपीआय दोन्ही काढून टाका, आणि खरेदीला दर वेळी पासवर्ड मागेल असं सेटिंग करा. सिम काढलं म्हणजे सुटलो असं नाही हो, पुण्यात कोणाच्या वायफायवर आला की फोन पुन्हा जिवंत. आणि तुमच्या बिल्डिंगवाल्यांना सांगा, पुढच्या वेळी असं झालं तर ४८ तासांच्या आत गूगल प्लेवर रिफंड मागायचा, नंतर मागता येतो पण मग गेमवाल्या कंपनीच्या दारात जावं लागतं.

रेवा_राजेंद्रनगर
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी समजावून सांगत नाही. कार्ड आणि यूपीआय काढलं, गुड मॉर्निंग पण सगळी उडवली (सासऱ्यांना सांगू नका). डब्ल्यूसीसी २ विमान मोडवर मस्त चालतेय. आता नवीन भानगड, फोन एक आणि पोरं दोन. काल संध्याकाळी रंगीत तालीम म्हणून दिला तर एक जण तास झाला तरी सोडेना.

गोलकीपर_तिलकनगर
ग्लो हॉकी टाका ताई, एकाच स्क्रीनवर दोघं समोरासमोर बसून खेळतात, नेट लागत नाही. खालच्या बर्थवर मधे फोन ठेवायचा, बास. हिल क्लाइंब रेसिंग पण ठेवा, २०१२ ची आहे आणि लहान आहे, गाडी उलटली की फोन दुसऱ्याकडे. ती स्पोर्ट्समध्ये मोडते का यावर वाद घालू नका कोणी.

राजवाड्याचा_भिया
क्रिकेटला पण तोच नियम लावा, विकेट पडली की फोन दुसऱ्याला. फक्त मॅच ५ ओव्हरचीच ठेवा हां, नाहीतर एखादा हुशार पोरगा प्रत्येक बॉल ब्लॉक करत वडोदऱ्यापर्यंत नॉट आउट बसेल.

रेवा_राजेंद्रनगर
बसलाय ऑलरेडी. नणंदेचा. ३१ बॉल, ० रन.