एडीएचडी असलेल्या मुलाला गाडी शिकवतोय, "लक्ष दे" म्हणून काही होत नाही (सांगली)

हळदवाला_सांगली
पोरगा ऑगस्टमध्ये 18 चा झाला, लगेच लर्निंग काढलं. त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही. चौथीत असताना निदान झालं, रोज सकाळी नाश्त्यानंतर गोळी असते. अभ्यासात बरा, कॅरममध्ये आख्ख्या गल्लीला भारी.

मार्केट यार्डात माझं हळदीचं दुकान आहे. साडेसातला शटर ओढतो आणि रात्री आठला त्याला घेऊन शंभर फुटी रोडवर जातो. गाडी हातात बसलीय हो त्याच्या. हाफ क्लच, रिव्हर्स, सगळं माझ्यापेक्षा सफाईदार. अडचण ती नाहीच. मध्येच तो गाडीत नसतोच, ही अडचण.

परवाची गोष्ट. पुढं एक छोटा हत्ती चाललेला. फाळक्यावर लिहिलेलं, 'बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलाय वाघानं'. हा वाचतोय, हसतोय, वर मला सांगतोय, "पप्पा, केलायचा काना पुसलाय बघा." तेवढ्यात पुढच्यानं ब्रेक मारला. लाल दिवे त्या अक्षरांच्या खाली दीड वितीवर पेटले होते. ह्याला पुसलेला काना दिसला, पेटलेले दिवे दिसले नाहीत! मी हॅन्डब्रेक ओढला. बोनेट आणि फाळका यांच्यात वीतभर जागा राहिली.

मग मी ओरडलो. "लक्ष कुठंय तुझं? लक्ष दे!" पुढच्या दहा मिनिटांत तेच वाक्य सात-आठ वेळा बोललो असेन. शेवटी त्यानं गाडी बाजूला घेतली, किल्ली माझ्या हातात दिली आणि चालत घरी गेला.

बायको म्हणते, नकोच ती गाडी. मी म्हणतो, आज आपण नाही शिकवलं तर उद्या मित्राच्या गाडीवर शिकेल. त्यात आता उसाचा सीझन तोंडावर आलाय. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रेलर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. अशा पोराला कुणी शिकवलंय का? नेमकं काय केलंत ते सांगा.

जुना_गावकरी
आमच्या वेळी असले आजार नव्हते. दोन कानाखाली द्या, लक्ष आपोआप येतं.

हळदवाला_सांगली
काका, निदान होईपर्यंत तेच करत होतो. त्याची अजून लाज वाटते. बाकीच्यांनी सांगा.

स्टेअरिंग_मिरज
22 वर्षं लोकांना गाडी शिकवतोय. दादा, राग मानू नका, पण तुमच्या गाडीत सगळ्यात मोठा आवाज तुमचाच आहे. 'लक्ष दे' म्हणजे नेमकं कुठं बघू? पोरगं बिचारं तुमच्या तोंडाकडं बघणार. त्यापेक्षा जागा सांगा. 'पुढचे लाल दिवे.' 'डाव्या बोळाचं तोंड.' एवढंच, आणि आवाज न चढवता.

दुसरं म्हणजे त्याला बोलू द्या. बोलका दिसतोय, तर तीच बडबड कामाला लावायची. दिसेल ते मोठ्यानं म्हणायचं आणि पुढं काय होईल तेही. 'रिक्षा थांबली, कुणीतरी उतरंल. कुत्रं डावीकडं. सिग्नल मघापासून हिरवा आहे, पिवळा होईल.' तोंडात रस्ता असला की डोळं रस्त्यावरच राहत्यात. एका पोरीला मी असंच शिकवलं. पंधरा दिवस माझं डोकं उठलं होतं, पण आज ती एकटी पुण्याला जाते.

लोक म्हणतील ऑटोमॅटिक घ्या. थांबा जरा. माझ्या बघण्यात अशा काही पोरांना गिअरची गाडीच मानवते. हातापायाला काम असलं की डोकं गाडीत राहतं. काहींचा मात्र गिअरमध्येच गोंधळ होतो. दोन्ही चालवायला देऊन बघा आणि मग ठरवा.

आणि हॅन्डब्रेकच्या भरवशावर शिकवू नका. बहुतेक गाड्यांत तो मागच्या चाकांना लागतो. वेगात असताना ओढला तर गाडी फिरंल. आधी डबल कंट्रोलच्या (शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असलेल्या) गाडीत थोडे दिवस घाला.

अंकलीमार्गे_कोल्हापूर
मी 34 वर्षांची, मला निदान 29 व्या वर्षी मिळालं. रोज सांगली ते कोल्हापूर स्वतः गाडी चालवत जाते, म्हणून सांगते.

सकाळची गोळी आणि रात्री आठला शिकवणी? काही गोळ्या चारेक तासांत उतरतात, काही आठ-दहा तास टिकतात. त्याची कुठली आहे ते आधी डॉक्टरांना विचारा. माझी दुपारी चारला उतरते आणि पुढचा तासभर माझ्याशी कुणी बोलू नये अशी अवस्था असते. त्या तासात मी किल्लीला हात लावत नाही. गोळीचं काही आपल्या मनानं बदलू नका, शिकवायची वेळ बदला.

मोबाइल डिकीत. सायलेंट नव्हे, डिकीत! सायलेंटवरचा फोन डोळ्यांना दिसतो आणि दिसला की हात जातो. गाणी निघायच्या आधी लावायची. मित्रांना पहिलं वर्षभर गाडीत घ्यायचं नाही, यावर मुलगा भांडेल, भांडू दे. माझे दोन्ही अपघात उशीर झालेला असताना झाले, पिवळ्याला 'निघेल निघेल' म्हणत. आता 20 मिनिटं आधी निघते, रोज.

अजून एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. चौकात मी उत्तम चालवते. सरळ, मोकळ्या रस्त्यावर डोकं कंटाळतं आणि निघून जातं. म्हणून फक्त गर्दीत शिकवून थांबू नका.

विश्रामबागची_आई
माझा मुलगा 16 चा, त्यालाही हेच आहे. क्लासला जायला स्कूटर द्यायचा विचार आहे. 16 ला लायसन मिळतं ना?

स्टेअरिंग_मिरज
ताई, ते 50 सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या गाडीचं. तुमची स्कूटर 100 च्या वरचीच असणार, तिला 18 लागतात. 2019 ला कायदा बदललाय. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द, आणि पोराला 25 व्या वर्षापर्यंत लायसन नाही. क्लासच्या दारात रांगेनं लागलेल्या गाड्या मीही बघतो. म्हणून ते कायदेशीर होत नाही. सायकल द्या.

विश्रामबागची_आई
बरं. आणि पुढे 18 ला अर्ज करताना एडीएचडी लिहावं लागतं का?

हळदवाला_सांगली
ताई, फॉर्म 1 मध्ये ते नाव घेऊन विचारत नाहीत. फीट, चक्कर, लाल-हिरवा रंग, रातांधळेपणा, 25 मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का, असं सगळं असतं. पण शेवटी 'लोकांना धोका होईल असा दुसरा काही आजार' असा प्रश्न आहे. आम्ही त्याचं उत्तर डॉक्टरांशी बोलून भरलं.

हळदवाला_सांगली (तीन आठवड्यांनी)
सगळ्यांचे आभार. डबल कंट्रोलवर 12 दिवस काढले. डॉक्टर म्हणाले, रात्री आठला गोळीचा काही उपयोग उरलेला नसतो. इतके दिवस मी त्याला त्याच्या सगळ्यात वाईट वेळी शिकवत होतो आणि वर ओरडत होतो.

आता सात वाजता नाश्ता आणि गोळी, आठला हरिपूर रस्ता. (आमच्या धंद्याची जुनी वाट, पूर्वी हळदीची पेवं तिकडंच होती.) मोबाइल डिकीत, त्याचाही आणि माझाही. मी गप्प बसायचं ठरवलंय. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसतो, नाहीतर बोट दाखवायला उठतातच.

त्याची बडबड सुरू असते. "सायकलवाले आजोबा, वळणार. शाळेची रिक्षा, थांबणार. म्हैस. दुसरी म्हैस. तिसरी असणार." तिसरी खरंच एका बुंध्यामागून आली. ह्याचा पाय आधीच ब्रेकवर होता.

काल उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. समोर मोकळं दिसत होतं, मी असतो तर साइड काढली असती. हा दुसऱ्यात टाकून मागंच राहिला. म्हणाला, "ट्रेलर दोन आहेत. पहिल्याच्या पुढचं मला दिसत नाही." थोड्या वेळानं, "पप्पा, मागं लिहिलंय ते वाचू?" मी म्हटलं, घरी गेल्यावर सांग. घरी येऊन त्यानं शब्दन्शब्द सांगितलं, म्हणजे वाचलं होतंच, पण ह्या खेपेला चार गाड्यांचं अंतर ठेवून.

पक्क्या लायसनची तारीख घेतलेली नाही. लर्निंगची मुदत 6 महिने आहे. रात्रीचं कधी सुरू करू, स्टेअरिंगदादा?

स्टेअरिंग_मिरज
अजून महिनाभर नाही. आणि हात मांडीखालीच ठेवा.