भाऊ न्यू जर्सीत, फ्लॅट दादरला: कुलमुखत्यारपत्रावर सही कशी घ्यायची?

शिवाजीपार्ककर:
बाबांच्या पश्चात फ्लॅटला आई, मी आणि धाकटा भाऊ असे तिघे वारस. भावाला आईच्या नावे हक्कसोड पत्र (आपला वाटा सोडल्याचा दस्त) करायचंय, पण सध्या येणं जमत नाही. म्हणून त्याच्याकडून कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीने इथे सही करण्याचा अधिकार देणारा कागद, घ्यायचाय. एजंट म्हणतो, "सही स्कॅन करून मागवा, नोटरी इथे करून देतो." चालेल का? आईला उद्या काही त्रास व्हायला नको.

वैशाली_मुलुंड:
कृपया हे करू नका! सही आपल्यासमोर झाली, हाच तर नोटरीचा दाखला. भाऊ अमेरिकेत असताना मुंबईचा शिक्का बसला, तर पुढे घेणाऱ्याचा वकील पासपोर्ट बघून तो कागद बाजूला काढेल.

नोंदणी कायद्याच्या कलम 33 प्रमाणे परदेशस्थ माणसाला तिथल्याच नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत सही करता येते. न्यू जर्सीसाठी न्यूयॉर्कची वकिलात. नाहीतर तिथला नोटरी आणि त्यावर न्यू जर्सी राज्याचं अपोस्टिल, म्हणजे नोटरीची सही-शिक्का खरा असल्याचा सरकारी दाखला. हा दाखला एकमेकांकडे चालावा म्हणून झालेल्या 1961 च्या हेग करारात अमेरिका आहे, 2005 पासून भारतही आहे. सही मात्र घरून करून नेऊ नये, अधिकाऱ्यासमोरच करायची.

माहीमची_मीनल:
माझी बहीण दुबईला असते. यूएई त्या करारात नाही, त्यामुळे आम्ही थेट वकिलातीत केलं. देश बघून ठरवा.

शिवाजीपार्ककर:
खूप आभार. कागद इथे आल्यावर?

वैशाली_मुलुंड:
मूळ प्रतच कुरियरने मागवा. महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. त्यासाठी फोर्टला ओल्ड कस्टम हाउसमध्ये मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं. कुरियरचं पाकीट जपून ठेवा, तारखेचा पुरावा तोच.

आणि मुखत्यार तुम्ही व्हा, आई नको. हक्क तिच्या नावे सुटणार, तर तिनेच भावाच्या वतीने सही करणं बरं दिसत नाही. मसुदा वकिलाकडूनच घ्या. फ्लॅट क्रमांक, सोसायटीचं नाव, हक्कसोड पत्रावर सही करणं, दुय्यम निबंधकांसमोर हजर राहणं, हे सगळं स्पष्ट लिहिलेलं हवं. "सर्व अधिकार" असा मोघम मजकूर भावाच्याही हिताचा नाही.

माहीमची_मीनल:
भावाचं पासपोर्टवरचं नाव आणि वारसांच्या कागदांतलं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते मसुदा पाठवण्याआधी बघा. आमचं तिथेच अडलं होतं.