मदत हवी आहे : आईच्या कॅल्शियमबद्दल

नमस्कार मंडळी. आम्ही चोपडा तालुक्यातले. आई ६४ वर्षांची. मागच्या महिन्यात ओट्यावरून उतरताना घसरली, हातावर पडली आणि मनगट मोडलं. हाडं ठिसूळ झाल्याचं तपासणीत निघालं. डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू केलंय.

गोळी कॅल्शियम कार्बोनेटची. ती पोटातल्या आम्लात विरघळते, म्हणून जेवणासोबत घ्यायची. आई मात्र सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर घ्यायची! आता कळण्याच्या भाकरीचा पहिला घास मोडला की मी गोळी तिच्या हातावर ठेवते. पण गोळीने पोट साफ होत नाही म्हणते. परवा उशीखाली चार गोळ्या सापडल्या. फार वाईट वाटलं मला.

दूध तिला लहानपणापासून चालत नाही, ताक आवडतं. नागलीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, पण नुसत्या नागलीची भाकरी माझ्या हातून थापताना तुटते. ज्वारीत किती मिसळावी? तीळ रोज कशात घालता? बद्धकोष्ठतेमुळे कोणी डॉक्टरांकडून गोळी बदलून घेतली आहे का? कार्बोनेटऐवजी कॅल्शियम सायट्रेटची गोळी पोटाला सोसते असं ऐकलंय. पुढच्या आठवड्यात दाखवायला जायचंय, त्याआधी अनुभव सांगा.