मदत हवी आहे: कपाटात बुरशी, काही केल्या थांबत नाहीये (तातडीचं)

रानजाई | १२ जानेवारी, रात्री १०:४०

सरळ मुद्द्यावर येते. कपाटातल्या सगळ्या चामड्याच्या वस्तूंवर पांढरी-हिरवट बुरशी धरलीये. पट्टे, पर्स, नवऱ्याचे ऑफिसचे बूट. काल पासपोर्टच्या कव्हरवर दिसली तेव्हा डोकंच फिरलं. सुती कपड्यांना कुबट वास, दोन सिल्कच्या साड्यांवर घडीच्या रेषेत ठिपके. डांबरगोळ्या ठेवून झाल्या, खडू ठेवून झाले, पुसून पुसून हात दुखले. पुसलं की चार दिवसांत परत हजर.

पावसाळा अजून बराच बाकी आहे. कोणाकडे स्वतः करून पाहिलेला उपाय आहे का? 'भारतात परत या' हा सल्ला नको, तो सासूबाई रोज फोनवर देतात.

---

कोकणी_काजू | रात्री १०:५२

खिडक्या उघडा. हवा खेळती ठेवा. बाकी काही करायला नको. आमच्या रत्नागिरीच्या घरात चार महिने पाऊस असतो, कपाटाची दारं दुपारी सताड उघडी असतात, बुरशी औषधालाही सापडत नाही.

---

भटक्या_खडू | रात्री ११:०५

जानेवारीत पावसाळा? ताई, आहात कुठे तुम्ही?

---

रानजाई | रात्री ११:०९

जकार्ता. प्रोफाइलमध्ये लिहिलंय की.

---

आजोबा_ऑनलाइन | १३ जानेवारी, सकाळी ६:१५

बाळ, भीमसेनी कापूर. प्रत्येक खणात चार वड्या मलमलीच्या पुरचुंडीत. आमच्या आईने पैठणी अशीच जपली.

---

सुंतरकर | सकाळी ७:३०

जकार्तातच आहे, उत्तरेला. थोडी माहिती द्या म्हणजे नेमकं सांगता येईल. अपार्टमेंट की बैठं घर? कितवा मजला? कपाट भिंतीत बसवलेलं आहे की सुटं? एसी किती वाजता चालू, किती वाजता बंद, आणि कितीवर? कपडे कुठे वाळवता? विजेचा मंजूर भार किती?

---

रानजाई | सकाळी ८:०२

एवढं सगळं लागतं? बुरशी आहे हो, विम्याचा दावा नाही करायचा.

बरं. कुनिंगनला अपार्टमेंट, अकरावा मजला. कपाट भिंतीला स्क्रू मारून बसवलेलं, घरमालकाचं. एसी रात्रभर १८ वर, सकाळी निघताना बंद. दिवसभर बेडरूमची खिडकी उघडी, कारण हवा खेळती पाहिजे असं सगळेच सांगतात (वर पण सांगितलंय). बाल्कनी हातभर आहे आणि रोज दुपारी कोसळतो, म्हणून कपडे बेडरूममध्येच स्टँडवर. भार १३०० व्हीए. आणि १८ शिवाय आम्हाला झोप लागत नाही, त्यावर चर्चा नको.

---

डक्टवाला | सकाळी ९:२०

त्यावरच चर्चा करावी लागणार, माफ करा. वातानुकूलनाच्या धंद्यात केस पिकले.

जकार्ताच्या हवेचा दवबिंदू या दिवसांत २४ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे २४ पेक्षा गार कुठल्याही वस्तूला बाहेरची हवा लागली की तिच्यावर पाणी धरणार. तुम्ही रात्रभर भिंती, कपाट, आतले बूट, साड्या, सगळं १८-२० पर्यंत गार करता आणि सकाळी बरोबर त्या वेळी एसी बंद करून खिडकी उघडता. बाहेरची दमट हवा आत येऊन गार चामड्यावर पाणी सोडते. दिसत नाही, कारण चामडं आणि कापड ते पिऊन टाकतं. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो, तसंच हे.

खिडकी उघडण्याचा सल्ला एसी नसलेल्या घराला ठीक आहे. तिथे आतलं-बाहेरचं तापमान सारखंच असतं आणि वारा ओल घेऊन जातो. रत्नागिरीचं कौलारू घर आणि कुनिंगनचं काँक्रीटचं बंद खोकं यांना एकच औषध चालत नाही.

त्यात कपडे आत वाळवताय. मशीनने पिळून काढलेल्या एका धुण्यातही दीड-दोन लिटर पाणी राहतं. ते कुठे जाणार? कपाटात.

काय करा: एसी २५ वर, पंख्याचा वेग 'ऑटो'वर. पंखा सतत चालू राहिला तर कॉम्प्रेसर थांबल्यावर कॉइलवरचं पाणी परत खोलीत उडतं. बेडरूमची खिडकी बंद. कपडे बाथरूममध्ये, दार लावून, एक्झॉस्ट चालू ठेवून. आणि आधी एक हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र) घ्या, स्वस्तात मिळतो. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली की बुरशीला वाढायला जमत नाही. आकडा बघितल्याशिवाय कापूर-बिपूर सगळं अंदाजपंचे.

---

कोकणी_काजू | सकाळी ९:४१

म्हणजे आमच्या पिढ्यान्पिढ्या मूर्ख? बंद खोलीत माणसं आजारी पडतात, हे तुमच्या धंद्यात शिकवत नाहीत वाटतं. एसीवाले एसी विकणारच.

---

डक्टवाला | सकाळी ९:५५

एसी कमी चालवा म्हणतोय मी. १८ वरून २५ वर. यात माझा काय धंदा झाला?

---

कोकणी_काजू | सकाळी १०:०३

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

तुळशीबागवाली | सकाळी १०:३०

वादात पडत नाही, पण साडीचं सांगते. ठिपके ओल्या फडक्याने पुसू नका, पसरतात. उन्हाची तिरीप मिळेल त्या दिवशी उलट बाजूने सावलीत पसरा, कोरडी झाली की मऊ ब्रशने झटका, तेही बाल्कनीत, नाहीतर त्याचं पीठ घरभर. जरीच्या साड्यांत डांबरगोळी अजिबात ठेवू नका, जर काळी पडते. सुती मलमलमध्ये गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नाही. आणि घड्या बदलत राहा.

---

सुंतरकर | सकाळी ११:१५

डक्टवाल्यांशी सहमत, फक्त एक अडचण. १३०० व्हीए म्हणजे सहा अँपिअरचा ब्रेकर. एसी चालू असताना राइस कुकर आणि इस्त्री लावली की खटका पडतो. त्यामुळे डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) घ्यायचा झाला तर छोटाच घ्या, आणि एसी बंद असताना, म्हणजे तुम्ही ऑफिसात असताना, दारं-खिडक्या लावून चालवा. २५० वॉटचा आठ तास चालला तर दोन युनिट. १३०० व्हीएला पीएलएनचा (इथल्या सरकारी वीज कंपनीचा) दर युनिटला १,४४४.७० रुपिया आहे, म्हणजे दिवसाला तीन हजार रुपियाच्या आत. (काही इमारतींत व्यवस्थापन स्वतःचा दर लावतं, तो विचारून घ्या.) भारतातून मशीन आणू नका. व्होल्टेज चालेल, पण पिना इथल्या सॉकेटमध्ये बसत नाहीत.

कपाटाच्या आत ओल शोषणारे प्लास्टिकचे डबे ठेवा, इथल्या कुठल्याही सुपरमार्केटमध्ये 'सरप आयर' लिहिलेले मिळतात. आत कॅल्शियम क्लोराइड असतं, ते हवेतलं पाणी ओढून खाली साठवतं. दार घट्ट लागत असेल तरच उपयोग. आणि खालच्याच खणात ठेवा, पर्सच्या वर नको. ते खारं पाणी चामड्यावर सांडलं तर बुरशी परवडली.

---

भटक्या_खडू | सकाळी ११:४०

बरे झाले सुंतरकर भेटले. तुमच्याकडे पाणी भरतं का हो? आम्ही २६ जुलै २००५ ला कलिनात अडकलो होतो, ९४४ मिमी एका दिवसात. त्यापुढे जकार्ता किस झाड की पत्ती.

---

सुंतरकर | दुपारी १२:०५

आकड्यांची कुस्ती लावायची तर १ जानेवारी २०२० ला हलीम विमानतळावर ३७७ मिमी पडला. तुमच्यापेक्षा कमीच. पण इथे वरून पडणाऱ्या पावसापेक्षा बोगोरच्या डोंगरातून येणारं पाणी जास्त नडतं. जकार्ता कोरडं असतानाही चिलिवुंग नदी चढते. बोगोरमधल्या कातुलांपाच्या बंधाऱ्यावर पातळी वाढली की नऊ-दहा तासांत ते पाणी जकार्तातल्या मंगराईला पोचतं, त्यामुळे बातम्यांत कातुलांपाचं नाव आलं की आम्ही गाडी उंचावर नेऊन लावतो. पुराच्या इशाऱ्याच्या पायऱ्या, 'सियागा', १ ते ४ असतात आणि १ सगळ्यात वाईट. नवीन आलेली माणसं 'सियागा १' ऐकून निवांत बसतात.

---

रानजाई | दुपारी १२:२०

अकराव्या मजल्यावर पूर येत नाही. माझे बूट!

---

शीतकाढा | दुपारी १:३०

मी डॉक्टर आहे, म्हणून न विचारताच बोलते. बुरशीने फार तर शिंका-खोकला (दमा असेल तर मात्र गंभीर घ्या). या मोसमात खरी काळजी डेंग्यूची. हा डास दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पाण्याच्या गॅलन-डिस्पेन्सरचा गळती ट्रे उचलून बघा. त्याखाली बोटभर पाणी असतं आणि महिनोन्‌महिने कोणी बघत नाही. फ्रीजच्या मागचा ट्रेही. दर आठवड्याला ओतून, घासून कोरडे करा. नुसतं ओतून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटलेली राहतात.

ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन घेऊ नका. पहिल्या चार-पाच दिवसांत डेंग्यूची एनएस१ रक्तचाचणी. आणि ताप उतरला म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त हे सगळं ताप उतरतानाच सुरू होतं, तेव्हा थेट रुग्णालय गाठा.

---

आजोबा_ऑनलाइन | दुपारी १:४४

डासांनाही कापूर.

---

रानजाई | १७ जानेवारी, रात्री ९:१०

डॉक्टर, ट्रेखाली अळ्या होत्या. शी. घासून टाकला, धन्यवाद.

हायग्रोमीटर आला. सकाळी खिडकी उघडी असताना ८४, बंद ठेवून डिह्युमिडिफायर लावला तर संध्याकाळी ५८. नवऱ्याशी २४ वर तह झालाय. वरचे खण आता कोरडे आहेत. पण कपाटाचा सगळ्यात खालचा डावा कोपरा अजून ओलाच, हात लावला की गार लागतो. तिथले बूट परत पांढरे. आता?

---

डक्टवाला | रात्री ९:३५

आता खरा मासा लागला गळाला. तो कोपरा बाहेरच्या भिंतीला आहे का?

---

रानजाई | रात्री ९:३८

हो. कळत नाही का, कपाट बाहेरच्या भिंतीलाच आहे.

---

डक्टवाला | रात्री ९:५०

आम्हाला कसं कळणार! असो. कपाटाची त्या कोपऱ्यातली मागची फळी काढता आली तर काढा. भिंत कोरड्या फडक्याने पुसा आणि वीतभर ॲल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. एक-दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या वरच्या बाजूला पाणी असेल तर ते हवेतलं. फॉइलच्या आत, भिंतीकडे पाणी असेल तर ते भिंतीतूनच येतंय, मग बाहेरची भेग नाहीतर फुटका पाइप. त्याला कुठलाही डबा पुरायचा नाही.

---

मिस्त्री_बाबुराव | रात्री १०:१५

थेट वॉटरप्रूफ पेंट मारा आतून, दोन हात. झंझट संपली.

---

डक्टवाला | रात्री १०:२१

आतून मारू नका. पाणी आत कोंडेल आणि पुढच्या मोसमात पोपडे पंख्याच्या वाऱ्याने अंगावर येतील. जिथून शिरतंय तिथून, बाहेरूनच बंद करायचं.

---

रानजाई | २० जानेवारी, सकाळी ७:५५

फॉइलच्या आत थेंब. बाहेरून कोरडी. फोटो घरमालकाला आणि इमारतीच्या व्यवस्थापनाला पाठवले. व्यवस्थापन म्हणतं, पावसात दोरावर माणूस उतरवता येत नाही, एप्रिलमध्ये बघू. घरमालक म्हणतो, बाहेरची भिंत व्यवस्थापनाची. झालं.

---

सुंतरकर | सकाळी ८:३०

दोरावरचं त्यांचं म्हणणं खरं आहे, विजा कडाडताना कोणी उतरत नाही. पण लेखी घ्या: तारीख, मजला, फोटो, आणि 'एप्रिलमध्ये दुरुस्ती' हे त्यांच्याच सहीचं. नाहीतर घर सोडताना त्या भिंतीचे पैसे तुमच्या डिपॉझिटमधून जातील. तोवर तो खण रिकामा ठेवा, मागची फळी काढलेलीच राहू द्या, डिह्युमिडिफायरचं तोंड तिकडे करा.

भिंतीवरचा काळा थर काढायला ब्लीच चालेल, पण चामड्याला लावू नका. चामड्याला पाणी आणि रबिंग अल्कोहोल निम्मं-निम्मं, फडकं पिळून, आधी आतल्या बाजूला थेंबभर लावून रंग जात नाही ना ते बघून. आणि टॉयलेटचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका. इथे दोन्ही बाटल्या बाथरूममध्ये शेजारी शेजारी असतात आणि मदतनीस 'जास्त चमकेल' म्हणून मिसळतात. क्लोरीन वायू होतो.

---

कोकणी_काजू | सकाळी ९:००

भेग निघाली ना शेवटी? म्हणजे खिडकीचा दोष नव्हता.

---

डक्टवाला | सकाळी ९:०४

८४ आणि ५८ हे आकडे वाचले नाहीत वाटतं. जाऊ दे.

---

नवा_पाहुणा | सकाळी ९:३०

धागा पूर्ण वाचला नाही. पुढच्या महिन्यात जकार्ताला जातोय. गमबूट इथून न्यावेत का?

---

सुंतरकर | सकाळी ९:४२

नका. इथेच मिळतात. पण तुमच्या मापाचे मिळतील की नाही ते बघा, ४४ च्या पुढे शोधावे लागतात. राहणार कुठे आहात?