विषय: इचुका बंदर + करँगची तळी, एका दिवसात?

नमस्कार मंडळी,
शनिवारी सकाळी मेलबर्नहून निघून इचुकाचं जुनं नदीबंदर, आगबोटीची फेरी आणि करँगची तळी उरकून रात्री परत, असा बेत आहे. चार गाड्या, सोबत आजी-आजोबा आणि मुलं. जेवण घरून नेऊन तिथे गरम करू. चालेल ना?

---
उत्तर:

नाही चालणार, दादा. हीथकोटमार्गे इचुका सुमारे 220 किमी, पावणेतीन तास. करँग त्यापुढे आणखी शंभर. एकच दिवस असेल तर तळी सोडा, बंदराचा धक्का नीट पाहा.

धक्का रेड गमच्या (एक प्रकारचा निलगिरी) लाकडाचा, 1865चा. आदल्या वर्षी मेलबर्नची रेल्वे इथवर आली, म्हणून हे बंदर वाढलं: मरे, डार्लिंग, मरमबिजी या नद्यांवरून बार्जमधून लोकर यायची आणि थेट वॅगनमध्ये चढायची. पाणी ऋतूप्रमाणे कित्येक मीटर खाली-वर व्हायचं, म्हणून धक्का तीन मजली. ऐन भरात तो 332 मीटर लांब होता, आज त्याचा लहानसा तुकडा उरलाय. आधी खालच्या मजल्यावर उतरून खांब आणि तुळया बघा. वरून फक्त फळ्या दिसतात. पायऱ्या बऱ्याच आहेत, त्यामुळे आजी-आजोबांना वरच थांबवा. नदी चढलेली असली की खालचे मजले बंद.

आगबोटींपैकी ‘अ‍ॅडलेड’ 1866ची, ‘पेव्हेन्सी’ 1911ची. त्या दिवशी कोणती बोट सुटणार हे आरक्षणाआधीच विचारा, सगळ्या रोज निघत नाहीत. फेब्रुवारीत सदर्न 80 ही वॉटर-स्कीची शर्यत असते, तो आठवडा टाळा.

> जेवण तिथे गरम करू

पूर्ण अग्निबंदीच्या दिवशी व्हिक्टोरिया राज्याच्या उद्यानांत गॅसची शेगडीसुद्धा चालत नाही. पूल ओलांडला की मोआमा, म्हणजे शेजारचं न्यू साउथ वेल्स राज्य. तिथली बंदी वेगळी जाहीर होते, दोन्हीकडची बघा. थालीपीठ, दशम्या, दही-चटणी न्या, प्रश्नच मिटला. आणि रेड गमखाली गाडी किंवा तंबू लावू नका. वारा नसतानाही जाडजूड फांद्या कोसळतात.

---
उत्तर:

मुक्काम जमत असेल तर तळी सोडू नका. दोन्ही जागांचं पाणी एकच आहे. इचुकाच्या खाली, प्रवाहाच्या दिशेने, टोरंबरीचा बंधारा मरे नदी अडवतो. तिथून कालव्याने पाणी गनबोवर क्रीक, काउ स्वॉम्प, पिरॅमिड क्रीक असं करत करँगच्या रीडी तळ्यांत आणि पुढे लेक चार्म, कांगारू लेककडे जातं. रविवारी मरे व्हॅली हायवेने जाताना बंधारा वाटेतच थोडा आत आहे.

करँगजवळ मिडल लेकला आयबिस पक्ष्यांची वसाहत आणि निरीक्षणाची खोपी आहे. घरटी इथल्या वसंतात (सप्टेंबर ते नोव्हेंबर), थवे परततात सूर्यास्ताला. दुपारी गेलात तर नुसता चिखल आणि वास. पण सूर्यास्तानंतर रस्त्यावर कांगारू येतात, तेव्हा रात्री मेलबर्न गाठायचा अट्टहास नको. पुढे चाळीसेक किमीवर लेक बोगाला दुसऱ्या महायुद्धातल्या उडत्या बोटींच्या दुरुस्ती तळाचं संग्रहालय आहे. मुलांना तेच जास्त आवडेल.

---
उत्तर:

ठरलं, मुक्काम करतो. मुलांना गळ टाकायचाय. मासेमारीचा परवाना व्हिक्टोरियाचाच ना?

---
उत्तर:

मरे नदीत नाही. राज्याची हद्द दक्षिण काठावर, म्हणजे पाणी न्यू साउथ वेल्सचं. व्हिक्टोरियाच्या काठावर उभे राहिलात तरी मोठ्यांना तिथला परवाना लागतो. अठराच्या आतल्यांना नाही. कॅम्पॅस्पी नदी आणि तळी मात्र व्हिक्टोरियाची. मरे कॉड या माशाची मासेमारी सप्टेंबर ते नोव्हेंबर बंद. चुकून गळाला लागला तर लगेच पाण्यात सोडा.