अनुभव धागा : टोमालेस बे आणि हार्ट्स डिझायरचा किनारा

उन्हाळा आला की कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातील मराठी घरांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो : भारतातून आलेल्या आईवडिलांना आणि लहान मुलांना घेऊन पाण्यात उतरता येईल, असा किनारा कुठे आहे? उघड्या पॅसिफिकवर पाणी अतिशय थंड असते आणि अवचित येणाऱ्या मोठ्या लाटांमुळे मुलांचा हात क्षणभरही सोडवत नाही. मरीन काउंटीतील, १९५२ मध्ये स्थापन झालेल्या टोमालेस बे स्टेट पार्कमधला हार्ट्स डिझायर किनारा हे माझ्या मते त्याचे सर्वांत चांगले उत्तर आहे. तेथे जाऊन आलेल्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

फ्रीमाँटहून

माझी आई दाभोळची. पॉइंट रेयेस या जवळच्या द्वीपकल्पाच्या बाहेरच्या बाजूला, भर समुद्रावर, आम्ही तिला आधी नेले होते. तेथील वारा आणि धुके पाहून ती गाडीतून उतरलीच नाही. हार्ट्स डिझायरला मात्र पाण्याकडे पाहताच ती म्हणाली, "अगं, ही तर खाडी आहे," आणि साडीचा ओचा खोचून नातीसह सरळ गुडघाभर पाण्यात गेली. तरंगणाऱ्या सागरी गवताच्या पाती कोणत्या दिशेला सरकत आहेत, हे दाखवून तिने नातीला भरती लागल्याची खूण शिकवली. पाच वर्षांची मुलगी मग दुपारभर पाती सोडून त्या किनाऱ्याकडे येतात की आत जातात, हेच पाहत बसली. आजी आणि नात दोघींनाही निर्धास्तपणे पाण्यात राहता येईल अशी जागा आम्हांला इतक्या वर्षांत दुसरी सापडलेली नाही.

सॅन होजेहून

येथील पाणी इतके शांत का, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. सॅन अँड्रियास हा प्रस्तरभंग, म्हणजे दोन भूपट्टांच्या सीमेवरची खडकांतील लांबलचक भेग, या उपसागराच्या तळातून जातो, आणि त्याच्याच खोलगट पट्ट्यात समुद्राचे पाणी शिरून सुमारे २४ किलोमीटर लांब आणि जेमतेम दीड किलोमीटर रुंद असा हा चिंचोळा उपसागर झालेला आहे. पश्चिमेला इन्व्हर्नेसची डोंगररांग आडवी उभी असल्याने समुद्रावरचा वारा अडतो, उपसागराचे तोंड दूर उत्तरेला असल्याने मोठ्या लाटा येथवर पोहोचत नाहीत, आणि उथळ पाणी उन्हाने थोडे तापते. १९०६ चा भूकंप याच भंगावर झाला, हे ऐकून माझा मुलगा बराच वेळ समोरच्या टेकड्यांकडे पाहत राहिला, कारण आपण एका भूपट्टावर उभे असून समोरचा काठ दुसऱ्या भूपट्टावर आहे, हे त्याला डोळ्यांनी दिसत होते.

बर्कलीहून

केवळ पाण्यात खेळून परतू नये. उत्तरेकडे इंडियन बीचपर्यंत जाणारी पायवाट वयस्कर मंडळींनाही झेपते. हा प्रदेश मूळचा कोस्ट मिवोक या आदिवासी लोकांचा; ते कोणती झाडे कशासाठी वापरत, हे वाटेवरील फलकांवर वाचता येते. दुसऱ्या दिशेला वनस्पतिशास्त्रज्ञ जेप्सन यांच्या नावाची बिशप पाइन वृक्षांची राई आहे. या झाडांची शंकूफळे वर्षानुवर्षे मिटलेली राहतात आणि बहुधा वणव्याच्या उष्णतेनेच उघडतात. वाटेच्या कडेला पॉइझन ओक हे अंगाला लागल्यास खाज आणि पुरळ आणणारे झुडूप असते, म्हणून मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

सॅन रमोनहून

किनाऱ्यावर जीवरक्षक नसतो. पाणी शांत असले तरी मुलांजवळ मोठे माणूस हवेच. कुत्र्यांना वाळूवर परवानगी नाही. बाके आणि स्वच्छतागृहे आहेत, पण खाण्याचे सामान घरूनच न्यावे. सुट्टीच्या दिवशी वाहनतळ लवकर भरतो. ऐन ओहोटीला पाणी मागे हटून चिखल उघडा पडतो, त्यामुळे भरतीची वेळ पाहून, ती होण्याच्या तासभर आधी पोहोचेल अशा बेताने निघावे.