घरचं कोकम सरबत-आगळ विकतो, इन्स्टावर लाइक भरपूर पण ऑर्डर नाहीत, नेमकं काय करू?

रातांबा_कुडाळ

नमस्कार मंडळी. मी कुडाळजवळच्या गावातली. आमचा घरचा धंदा आहे, कोकम सरबत, आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), आमसुलं, मे महिन्यात आंबापोळी-फणसपोळी आणि वर्षभर कुळथाचं पीठ. आजीने सुरू केलं, आता आई आणि काकी बघतात, बाबा माल कुडाळ-कणकवलीच्या दुकानांत घालतात आणि उरलेला माल मे महिन्यात नि गणपतीला येणारे चाकरमानी घरी येऊन घेऊन जातात. कॉलेज संपल्यावर मी आता पूर्ण वेळ यात उतरलेय. दुकानात माल टाकला की भाव दुकानदार ठरवणार आणि पैसे कधी मिळणार ते पण तोच ठरवणार, म्हणून मला थेट गिऱ्हाइकापर्यंत जायचंय.

इन्स्टाचं पेज काढलंय, चुलतभावाने मुंबईहून लोगो करून दिला, रोज काहीतरी टाकते. समुद्र, पाऊस, कौलारू घर असलं काही टाकलं की लाइक पडतात भरपूर पण बाटली कितीला असं विचारणारं कुणीच नाही. त्यात एका एजन्सीवाल्याचा फोन आला की महिन्याला पैसे द्या, दहा हजार फॉलोअर आणून देतो. घरात काका म्हणतात माल चांगला असला की लोक शोधत येतात, हे रीलबिल कशाला. आईसमोर मोबाइल धरला की तिचे हातच थांबतात. बाबांचं म्हणणं, खर्च सोडून काय करायचं ते कर. तर एजन्सीला पैसे द्यावेत का, जाहिरात करावी का, का आधी दुसरंच काही करायला हवं? रातांबे (कोकमाची फळं) पिकायला लागलेत, सीझन सुरू झाला की बोलायला पण वेळ नसतो, म्हणून आत्ताच विचारतेय.

दापोलीची_सून

एजन्सीला एक रुपया देऊ नकोस. ते दहा हजार विकतचे असतात, कुठली कुठली खोटी नाहीतर बंद पडलेली खाती, त्यातलं कुणी तुझं सरबत पिणार नाही. वर नुकसान असं की तुझे फॉलोअरच पोस्टकडे बघत नाहीत असं इन्स्टाला दिसलं की ते पुढच्या लोकांना पण दाखवायला कमी करतं, मग खरं गिऱ्हाईक अजून लांब जातं.

आमचा लोणची, पापड आणि पिठांचा धंदा आहे, सासूबाईंनी उभा केलेला. मी तुझ्या जागी असते तर इन्स्टा दोन आठवडे बाजूला ठेवून आधी चाकरमान्यांकडे बघितलं असतं. तुझ्या घरी येऊन बाटल्या नेणारी माणसं ही आधीच तुझी गिऱ्हाइकं आहेत, माल चाखलेली आहेत, तुझ्या आईला नावाने ओळखतात. पण नेलेलं सरबत जूनमध्ये संपलं की पुढे ती घेतात कुठून? दादरच्या नाहीतर ठाण्याच्या दुकानातून, कारण तुझ्याकडून घरपोच मिळतं हे त्यांना माहीतच नाही. बाबांकडे उधारीची वही असेलच, त्यातले नंबर काढ आणि व्हॉट्सॲप बिझनेसवर धंद्याचा वेगळा नंबर चालू कर. त्यात कॅटलॉग असतो, प्रत्येक वस्तूचा फोटो, किती मिली, किती रुपये, सगळं टाकून ठेव म्हणजे तेच तेच टाइप करावं लागत नाही. लेबल लावायची सोय आहे, पैसे यायचेत, माल गेला, परत विचारायचं असं प्रत्येकाला लावता येतं, सीझनमध्ये यानेच डोकं शांत राहतं बघ. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो त्या यादीत, एका वेळी २५६ जण बसतात पण मेसेज त्यांनाच जातो ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय, म्हणून आधी एकेकाला फोन कर, चौकशी कर, आणि नंबर सेव्ह करायला सांग. फोन करायला लाज वाटते सुरुवातीला पण आपल्याकडची माणसं गावाहून फोन आला की खूश होतात.

आता इन्स्टाचं. समुद्राला लाइक मिळतात कारण लोकांना समुद्र आवडतो, त्यात तुझ्या मालाचा संबंध काय. कोकम कसं होतं ते दाखव ना! शहरातल्या निम्म्या लोकांनी रातांबा बघितलेला नाही. ताजं फळ फोडताना, बिया वेगळ्या काढताना, सालांना रसाचं पुट देऊन परत उन्हात घालताना, हे सगळं घे. आणि सरबताची बरणी. सालांच्या वाटीत साखर भरून थर लावतात, बरणी उन्हात ठेवतात, मग साखर ओली होत जाते, आधी कडेला गुलाबी दिसते आणि हळूहळू लालभडक रस वर चढतो. रोज त्याच जागेवरून, सकाळच्या उन्हात, जवळून एक छोटा व्हिडिओ काढून ठेव आणि शेवटी जोड. यात आईचा चेहरा लागत नाही, फक्त हात पुरतात. मोबाइल भिंतीला टेकवून ठेव आणि तू तिथून निघून जा, हात आपोआप चालतात. आवाज आईचाच राहू दे, किती मीठ, किती ऊन, काय बिघडलं की काय करायचं ते ती काकीशी बोलेल तसंच. बिझनेस अकाउंटला चालू गाणी तशीही फारशी वापरता येत नाहीत, त्यामुळे घरचा आवाजच बरा.

आणि हे सगळं आत्ताच, एप्रिल-मेमध्येच काढून ठेव. एकदा पाऊस लागला की वाळवणं बंद, मग वर्षभर दाखवायला काही उरत नाही. आत्ता भरपूर काढ आणि आठवड्याला दोन-तीन टाकत राहा, रोज टाकायची काही गरज नाही.

डोंबिवलीचा_चाकरमानी

वरच्या ताईंनी बरोबर सांगितलंय, मी विकत घेणाऱ्याच्या बाजूने बोलतो. गाव देवगड तालुक्यात, राहतो डोंबिवलीत, कोकणातली अशी बरीच पेजं फॉलो करतो. किंमतीच्या जागी "डीएम करा" लिहिलेलं दिसलं की मी पुढे जातो, बहुतेक जण जातात. किंमत कुरिअरसकट लिहा. बाटली समजा दोनशेची आणि शेवटी कळतं की वर दीडशे कुरिअरचे, की माणूस चिडतो, तेच आधी सांगितलं तर तीन बाटल्या एकदम मागवतो. कुठल्या गावचे, कोण बनवतं, ऑर्डर कशी द्यायची, किती दिवसात येईल हे पेज उघडल्या उघडल्या दिसायला हवं, इन्स्टावर तीन पोस्ट वर पिन करता येतात त्यात हेच टाका.

दुसरं म्हणजे आमच्या इथे एकेका सोसायटीत सिंधुदुर्ग-रत्नागिरीची पाच-दहा घरं सहज निघतात. एका ओळखीच्या माणसाला धरा, तो बिल्डिंगच्या ग्रुपवर विचारेल, सगळ्यांची मिळून एक खोकं पाठवा, कुरिअरचा खर्च वाटला जातो. हापूसच्या पेट्या वर्षानुवर्षं अशाच येतात आमच्याकडे, सरबत का नाही येणार. आणि एखादी बाटली फुटली किंवा गळली तर वाद न घालता लगेच दुसरी पाठवा, गिऱ्हाईक तिथेच कायमचं बांधलं जातं किंवा कायमचं जातं.

रातांबा_कुडाळ

खूप आभार, मी हे सगळं आईला वाचून दाखवलं, हात चालतील म्हणाली 🙂 वहीत बरेच नंबर मिळाले, आजपासून फोन करायला घेतलेत. अजून दोन गोष्टी विचारते. पित्तावर उपाय, वजन कमी करतं असं लिहिलं की जास्त खपतं असं एकाने सांगितलं, तसं लिहू का? आणि आज सकाळी एक मेसेज आलाय, आपण लष्करात अधिकारी आहोत, युनिटसाठी दोनशे बाटल्या हव्यात, ॲडव्हान्स लगेच देतो पण त्यासाठी आम्ही पाठवतो तो क्यूआर स्कॅन करा. ओळखपत्राचा फोटो पण पाठवलाय. बाबा खूश झालेत एवढी मोठी ऑर्डर म्हणून, पण मला कसंतरी वाटतंय.

तारकर्ली_होमस्टे

थांबा!! तो क्यूआर अजिबात स्कॅन करू नका, तो चोर आहे. लष्कराचं नाव आणि खोटं ओळखपत्र ही त्यांची ठरलेली पद्धत आहे, आमच्या किनाऱ्यावरच्या होमस्टेवाल्यांना तर असे फोन सतत येतात, जवानांसाठी दहा खोल्या हव्यात म्हणून. बाबांना एवढंच सांगा, यूपीआयवर पैसे घ्यायला ना पिन लागतो ना स्कॅन करावं लागतं, पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार. नंबर ब्लॉक करा. घरात कुणी चुकून पिन टाकलाच तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावायचा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. तसंच इन्स्टावर "तुमचं पेज कॉपीराइटमुळे बंद होणार, या लिंकवर माहिती भरा" असे मेसेज येतील, त्या लिंकला हात लावू नका आणि टू फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर वेगळा कोड मागणारी सोय, आजच चालू करा. पेज गेलं की दोन वर्षांची मेहनत जाते हो, माझ्या ओळखीतल्याचं असं गेलंय.

आता धंद्याचं. तुमचं गाव हायवेपासून किती आत आहे माहीत नाही, पण मुंबई-गोवा हायवे कुडाळवरून जातो आणि मालवणला येणारा पर्यटक त्याच बाजूने वळतो. गाडीत बसलेला माणूस इन्स्टा उघडत नाही, गूगल मॅपवर "कोकम सरबत" शोधतो. गूगलवर धंद्याचं प्रोफाइल फुकट काढता येतं, पडताळणीसाठी जागेचा व्हिडिओ मागतात, तो करून टाका. वेळ बरोबर लिहा, घराकडे वळायचा रस्ता कुठे, गाडी कुठे लावायची त्याचे फोटो टाका. घरी येऊन बाटल्या नेणाऱ्या प्रत्येकाला रिव्ह्यू लिहायला सांगा आणि प्रत्येक रिव्ह्यूला मराठीत दोन ओळी उत्तर द्या, वाईट असला तर आधी. आमचं निम्मं बुकिंग रिव्ह्यू वाचून येतं.

जाहिरातीला मी नाही म्हणणार नाही, पण आत्ता लगेच नको. बरणीचा व्हिडिओ टाकाल, लोक तो सेव्ह करायला, दुसऱ्याला पाठवायला लागतील, तेव्हा त्याच व्हिडिओला बूस्ट करा, म्हणजे पैसे देऊन जास्त लोकांना दाखवा, दिवसाला शे-दोनशे रुपये, आणि भाग निवडताना अख्खा महाराष्ट्र न घेता ठाणे, डोंबिवली, दादर, पुणे एवढंच. बटण व्हॉट्सॲपचं ठेवा म्हणजे माणूस थेट तुमच्याशी बोलतो. किती मेसेज आले नि त्यातल्या किती ऑर्डरी झाल्या हे वहीत लिहा, लाइक मोजू नका.

आणि गिऱ्हाइकाचे नंबर कायम आपल्याकडे ठेवा. टिकटॉक जून २०२० मध्ये एका रात्रीत बंद झालं, ज्यांचं सगळं तिथेच होतं त्यांना आपलं गिऱ्हाईक परत शोधत फिरावं लागलं.

लेबलवाला_सावंतवाडी

छपाईचा धंदा आहे, कोकणातल्या घरगुती मालाची लेबलं रोज छापतो म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. पित्त, वजन, शुगर यातलं काहीही लिहू नका, ना लेबलवर ना रीलवर. अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि घरचा माल आहे म्हणून सूट नाही. लोक सोलकढी पित्तावर पितात हे सगळ्यांना माहीत आहे, तुम्ही सांगायची गरजच नाही.

लेबलवर घटक, वजन, बॅच, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत चांगलं राहील, किंमत, पूर्ण पत्ता, संपर्क नंबर, हिरवा ठिपका आणि १४ आकडी एफएसएसएआय नंबर (अन्न सुरक्षेच्या सरकारी नोंदणीचा) हवाच. छोट्या घरगुती धंद्याला साधं रजिस्ट्रेशन पुरतं, त्यांच्याच फॉस्कॉस नावाच्या साइटवर अर्ज होतो. नंबर नसेल तर आधी तो काढा मग पोस्ट टाका, कारण ऑनलाइन विकायला लागलात की सगळ्यांच्या नजरेत येता. आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, जसं हापूसला २०१८ मध्ये मिळालं, पण ते चिन्ह लेबलवर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी लागते, नुसतं सिंधुदुर्गात राहतो म्हणून छापता येत नाही. नोंदणी करून घ्या, बाहेरचा रंग घातलेला माल कोकणचा म्हणून विकणारे कमी नाहीत.

एक माझ्याकडून. बाटलीवर तुमच्या व्हॉट्सॲपचा क्यूआर छापा. बाटली संपली की माणूस तिथूनच दुसरी मागवतो. शाई पाण्याने जाणार नाही अशी घ्या, फ्रिजमध्ये ठेवली की कागदी लेबल दोन दिवसात सुटतं.

गजालीवाला

माका वाटता काकांका पण कामाक लावा. माल चांगलो असलो की लोक येतत ह्या त्यांचा खराच आसा, पण आता लोक येतत मोबाइलातसून. काकांका रिव्ह्यू वाचून दाखवा, मगे बघा तेच विचारतले आज काय टाकलंस.

रातांबा_कुडाळ

देव बरे करो सगळ्यांचं. तो लष्करवाला ब्लॉक केला, बाबांना पिनचं नीट समजावून सांगितलं. एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन आहे पण लेबलवर पत्ता अर्धाच छापलाय, ते बदलून घेते. क्यूआरचं तर फारच आवडलं. काचेची बाटली कुरिअरने कशी पाठवता तेवढं कुणी सांगा, प्लास्टिक आईला नको आहे.

दापोलीची_सून

काचेचीच ठेव, आगळात मीठ आणि आंबटपणा दोन्ही जास्त, काचेत चांगलं टिकतं. पत्र्याचं झाकण मात्र नको, गंजतं. बाटली गळ्यापर्यंत भरू नकोस, वर थोडी जागा ठेव, झाकणाला बाहेरून टेप मार, बाटली आडवी करून रात्रभर ठेव आणि सकाळी खालचा कागद ओला झालाय का बघ, मगच पॅक कर. प्रत्येक बाटली वेगळ्या पिशवीत, म्हणजे एक फुटली तरी बाकीची लेबलं खराब होत नाहीत. खोक्यात भाताचं पेंढा-गवत दाबून भर, आंब्याच्या पेटीत भरतो तसंच, हलवल्यावर आवाज यायला नको. पहिलं खोकं मुंबईत भावाला पाठव आणि उघडतानाचा व्हिडिओ मागव, कुठे कमी पडलं ते कळेल.

डोंबिवलीचा_चाकरमानी

भावाकडचं खोकं नीट पोचलं की कॅटलॉगची लिंक इथे टाका. आमच्या बिल्डिंगची ऑर्डर मी गोळा करतो. आगळ जास्त लागेल, सरबत कमी, दोन-तीन घरांत डायबेटिस आहे. आमसुलं किलोवर देता का तेही लिहा.